सामना सुरू होण्याआधी पंच काय करतात?

कबड्डी हा आपल्या मातीतला खेळ आहे. तो खेळायला बॅट लागत नाही, चेंडू लागत नाही. लागते फक्त मैदान, दम आणि चपळ पाय. आपण सगळे कबड्डी बघतो. कोणी किती गडी मारले, कोणाची पकड कशी झाली, ते घरी जाऊन सांगतो. पण पंचांकडे कोणी बघत नाही. पंच म्हणजे शिट्टी वाजवणारा माणूस, एवढेच आपल्याला ठाऊक असते. मलाही तेवढेच ठाऊक होते. पण यंदा थंडीत आमच्या शाळेच्या मैदानावर केंद्राच्या क्रीडास्पर्धा झाल्या, तेव्हा मी एक पूर्ण सकाळ पंचांबरोबर होते. सामन्याच्या आधी ते किती कामे करतात ते मी डोळ्यांनी पाहिले. तेच या लेखात लिहिते आहे.

आधी खरे सांगते. मला पंचांबरोबर राहायचे नव्हते. मला खेळायचे होते. पण गुरुजींनी लहान गटाच्या मुलींच्या संघाची नावे वाचली, तेव्हा माझे नाव पहिल्या सातात नव्हते. ते राखीव खेळाडूंमध्ये होते. मला रडूच आले. घरी गेल्यावर मी जेवलेसुद्धा नाही. आजी म्हणाली, "अगो, राखीव म्हणजे कायतरी ठेवणीतलं असेल. जेव मुकाट्यानं." दुसऱ्या दिवशी गुरुजी मला म्हणाले, "श्रीवर्धनहून पंच येणार आहेत. त्यांना हाताखाली एक हुशार मूल हवंय. तू जा." मी तोंड फुगवूनच गेले.

पंच आमच्या गुरुजींसारखेच एका शाळेत गुरुजी आहेत, म्हणून मी त्यांना पंचगुरुजी म्हणत होते. सामना दहा वाजता होता. ते साडेसातलाच आले! त्यांच्या खांद्याला एक कापडी पिशवी होती. मी विचारले, "गुरुजी, एवढ्या लवकर का आलात?" ते म्हणाले, "बाळा, दहाला शिट्टी वाजवायची तर माझं काम आत्ता सुरू व्हायला हवं."

पंच किती असतात?

कबड्डीच्या मोठ्या सामन्याला एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहाय्यक गुणलेखक असतात. सरपंच हा शब्द ऐकून मला वाटले की आमच्या ग्रामपंचायतीचे सरपंच येणार! पण तसे नव्हे. खेळातले सरपंच म्हणजे सर्वांत मोठे पंच. दोन पंच मैदानाच्या दोन बाजूंना समोरासमोर असतात. दोघांचे एकमत झाले नाही तर सरपंच निर्णय देतात. आमच्या स्पर्धेत पंचगुरुजी हेच सरपंच होते. दुसऱ्या शाळांचे दोन गुरुजी पंच झाले. आमच्या बाई गुणलेखक होत्या.

पहिले काम : मैदान चालून बघणे

पंचगुरुजींनी पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि ते अनवाणी मैदानात गेले. मला वाटले, देवळात जातात तसे गेले असतील. पण ते खाली बघत हळूहळू चालू लागले. या टोकाहून त्या टोकाला, मग एक पाऊल बाजूला सरकून परत. आमचे बाबा शेत नांगरताना जसे जातात, तसेच. मलाही त्यांनी बाजूने चालायला लावले. ते म्हणाले, "तुम्ही अनवाणी खेळणार, म्हणून मीही अनवाणी बघणार. डोळ्याला दिसत नाही ते पायाला कळतं."

मला दोन खडे, एक शिंपला आणि बाटलीचे एक बूच सापडले. आमचे गाव समुद्राजवळ आहे, त्यामुळे भरावाच्या वाळूत शिंपले येतातच. शिंपला फुटला की त्याची धार पात्यासारखी असते. मग पंचगुरुजी एकदम थांबले. खाली वाकून त्यांनी बोटाने माती उकरली. आतून एक गंजलेला खिळा निघाला. माझ्या करंगळीपेक्षा लांब होता आणि टोक वर होते.

तो खिळा बघून माझ्या अंगावर काटा आला. त्याचे कारण सांगते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले. मी तेव्हा फार लहान होते. वादळात सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची कौले आणि पत्रे उडाले. पत्र्यांबरोबर त्यांचे खिळेही कुठे कुठे जाऊन पडले. मोठी माणसे सांगतात की अजूनसुद्धा खणताना ते निघतात. मागच्या वर्षी आम्ही मुले घरामागच्या मोकळ्या जागेत कबड्डी खेळत होतो. माझी चुलत बहीण चढाईला गेली, परत येताना मधल्या रेषेजवळ तिने पाय टेकला आणि ती जोरात ओरडली. तिच्या टाचेत असलाच खिळा घुसला होता. दवाखान्यात नेऊन धनुर्वाताचे इंजेक्शन द्यावे लागले. पाय सुजला. ताई कितीतरी दिवस शाळेत लंगडत येत होती. खेळण्याआधी जागा कोणीच बघितली नव्हती. मीसुद्धा बघितली नव्हती.

हे मी पंचगुरुजींना सांगितले. त्यांनी तो खिळा कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला. तो फेकून का दिला नाही, असे मी विचारले. ते म्हणाले, "फेकला तर दुसऱ्याच्या पायाखाली जाईल." मग त्यांनी पुन्हा एकदा पूर्ण मैदानाची फेरी मारली. या वेळी आडवी. माझा फुगलेला चेहरा तेव्हाच उतरला. मी पण नीट खाली बघून चालू लागले.

दुसरे काम : मैदान मोजणे

पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. स्त्रियांचे १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असते. आम्ही १२ बाय ८ चे मैदान आखले होते. आखले होते म्हणजे काय, आदल्या दिवशी आम्ही मुलांनीच पावले टाकून मोजले आणि फक्की मारली! आम्हांला वाटले, झकास झाले.

पंचगुरुजींनी पिशवीतून टेप काढला. टेपचे टोक माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "आधी बघ, शून्य कुठे आहे. काही टेपांत कडीच्या टोकापासून शून्य असतं, काहींत थोडं पुढे असतं. शून्यच चुकलं तर सगळंच चुकलं." आम्ही चारही बाजू मोजल्या. लांबी १२ मीटर भरली, रुंदी ८ मीटर भरली. मी टाळ्याच वाजवल्या. पण ते म्हणाले, "थांब. अजून तिरकं मोजायचंय."

आम्ही एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत टेप धरला. १४ मीटर ७० सेंटिमीटर आले. मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांमधले अंतर मोजले. ते १४ मीटर १४ सेंटिमीटर आले! बाजू बरोबर असूनही मैदान वाकडे होते. आपण काड्यापेटीचे बाहेरचे खोके दोन बोटांनी दाबले तर ते तिरके होते ना, तसे. बाजू तेवढ्याच राहतात, पण कोपरे बिघडतात. कोपरे काटकोनात असतील तर दोन्ही तिरकी अंतरे सारखी येतात. १२ बाय ८ च्या मैदानात ती प्रत्येकी १४ मीटर ४२ सेंटिमीटर यायला हवीत. १३ बाय १० च्या मैदानात १६ मीटर ४० सेंटिमीटर.

कोपरा नीट करायची एक युक्ती त्यांनी दाखवली. कोपऱ्यापासून एका बाजूवर ३ मीटरवर खूण करायची, दुसऱ्या बाजूवर ४ मीटरवर खूण करायची. या दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ मीटर आले की कोपरा काटकोन झाला. घर बांधताना गवंडीसुद्धा असेच करतात. आम्ही दोन खुंट्या उपटून पुन्हा ठोकल्या. जुनी रेघ खराट्याने पुसली आणि नवीन फक्की मारली. पंचगुरुजींनी फक्की आधी चिमटीत घेऊन पाहिली. कळीचा चुना रेघांना कधी वापरायचा नाही, कारण तो ओला झाला की तापतो. डोळ्यांत गेला तर डोळा भाजतो.

मग मध्यरेषा मोजली. ती मैदानाच्या बरोबर मध्ये हवी, म्हणजे दोन्हीकडे ६ मीटर. आमची रेषा एकीकडे ६ मीटर १५ आणि दुसरीकडे ५ मीटर ८५ सेंटिमीटरवर होती. मी म्हटले, "गुरुजी, थोडासाच तर फरक आहे." ते म्हणाले, "तीस सेंटिमीटरचा फरक आहे. तुझी पट्टी केवढी असते?" माझ्या दप्तरातली पट्टी बरोबर तीस सेंटिमीटरचीच आहे. चढाई करणारी मुलगी परत येताना हात लांब करून मध्यरेषेला शिवते, तेव्हा एक बोटभर अंतरसुद्धा पुष्कळ असते. मग तर ही अख्खी पट्टी झाली! मी गप्प बसले.

बाकीच्या रेषा अशा असतात. मध्यरेषेपासून पुढे निदानरेषा. पुरुषांच्या मैदानात ती ३ मीटर ७५ सेंटिमीटरवर आणि स्त्रियांच्या मैदानात ३ मीटरवर असते. चढाई करणाऱ्याने ती ओलांडली पाहिजे किंवा कोणाला तरी शिवले पाहिजे, नाहीतर तो बाद. निदानरेषेच्या पुढे १ मीटरवर बोनस रेषा. आणि दोन्ही बाजूंना १ मीटर रुंदीचे राखीव क्षेत्र. झटापट सुरू होईपर्यंत राखीव क्षेत्रात जायचे नसते. झटापट झाली की ते मैदानातच धरतात. सगळ्या रेषा ३ ते ५ सेंटिमीटर जाड असतात आणि रेषा मैदानातच मोजतात. म्हणून टेप रेषेच्या बाहेरच्या कडेपर्यंत धरायचा.

आणखी एक गंमत. आमचे मैदान दक्षिण-उत्तर लांब आखले होते. ते मात्र बरोबर होते म्हणून पंचगुरुजींनी आमची पाठ थोपटली. आमच्याकडे सूर्य डोंगरावरून उगवतो आणि समुद्रात बुडतो. मैदान पूर्व-पश्चिम आखले तर एका संघाच्या डोळ्यांवर ऊन येते आणि दुसऱ्याच्या पाठीवर. तो न्याय नव्हे.

तिसरे काम : खेळाडूंची तपासणी

नऊ वाजता दोन्ही संघांना बोलावले. दोन्ही शाळांनी मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची यादी दिली होती. यादीत नाव असेल तीच मुलगी खेळू शकते. पंचगुरुजी नाव वाचायचे, मुलगी हात वर करायची आणि मी यादीत खूण करायची. एका संघात १० ते १२ खेळाडू असतात. त्यांतले ७ मैदानात उतरतात, बाकीचे राखीव. शर्टावर क्रमांक हवा. मोठ्या सामन्यांत पुढे निदान ४ इंची आणि पाठीवर ६ इंची क्रमांक लागतो, म्हणजे गुणलेखकाला लांबून दिसतो. आमच्या बाईंनी कापडावर आकडे कापून रात्री जागून शिवले होते.

मग नखे. कबड्डीत नखे बारीक कापलेली हवीत, असा नियमच आहे. पकडताना नख लागले तर कातडी सोलवटते, डोळ्याजवळ लागले तर विचारूच नका. पंचगुरुजींनी सर्वांना हात पुढे करायला सांगितले. आमच्या मुलींची नखे छान होती. मी हसत होते. तेवढ्यात ते माझ्याकडे वळले. "आणि राखीव खेळाडू? दाखव हात." मी करंगळीचे नख वाढवले होते! ताईचे बघून वाढवले होते आणि त्याला मेंदीही लावली होती. मी म्हटले, "मी खेळणार नाही ना, गुरुजी." ते म्हणाले, "राखीव खेळाडूला कधीही बोलावतात. तेव्हा मी सामना थांबवून नेलकटर शोधू का?" त्यांनी पिशवीतून नेलकटर काढून दिला. सगळ्यांसमोर मला नख कापावे लागले. मला लाज वाटली. पण त्यांनी समोरच्या संघातल्या चार मुलींनाही तोच नेलकटर दिला, तेव्हा बरे वाटले.

अंगाला तेल लावायचे नाही, हाही नियम आहे. थंडीत आमच्या घरी सकाळी हातापायांना खोबरेल चोळतात. पण तेल लावले की पकड सटकते. एका मुलीचे पाय चकाकत होते. तिला साबणाने पाय धुवायला पाठवले. ती काही लबाडी करत नव्हती, तिच्या आईने मायेने लावले होते. पंचगुरुजी तिला रागावले नाहीत. ते फक्त म्हणाले, "धुऊन ये, आम्ही थांबतो."

शेवटी दागिने. कानात, नाकात, हातात, गळ्यात काही नको. आमची सर्वांत चांगली चढाईपटू माझी मैत्रीण आहे. तिच्या हातात काचेच्या हिरव्या बांगड्या होत्या. तिच्या आजीने जत्रेत घेऊन दिल्या होत्या. त्या निघेनात. ती म्हणाली, "रिकामा हात ठेवायचा नाही, असं आजी म्हणते." तिच्या डोळ्यांत पाणी आले. आमच्या संघातली एक मुलगी म्हणाली, "राहू देत ना गुरुजी, ती जपून खेळेल." मलाही तसेच वाटत होते, कारण ती नसेल तर आम्ही हरणारच. पंचगुरुजी म्हणाले, "ती जपून खेळेल. पण सहा जणी तिच्या अंगावर पडतील, तेव्हा काच जपून फुटेल का?" यावर कोणी काही बोलले नाही. मी पाण्याच्या टाकीजवळून साबण आणला. हाताला फेस करून एकेक बांगडी हळूहळू काढली. एकही फुटली नाही. सहाच्या सहा बांगड्या मी रुमालात गुंडाळून माझ्या कंपासपेटीत ठेवल्या. ती म्हणाली, "हरवू नको हां." मी म्हटले, "देवाशप्पथ."

चौथे काम : सर्वांशी बोलून घेणे

पंचगुरुजींनी दोन्ही पंचांना आणि गुणलेखक बाईंना झाडाखाली बोलावले. कोणी कुठे उभे राहायचे, कोणती खूण कशी करायची, हे ठरवले. पंच वेगवेगळ्या खुणा करू लागले तर गुण लिहिणाऱ्याचा गोंधळ उडतो. सहाय्यक गुणलेखकांचे काम मला आधी सोपे वाटले होते. पण ते फार महत्त्वाचे आहे. बाद झालेल्या खेळाडूंना ते क्रमाने बसवतात. कारण जो आधी बाद झाला तोच आधी परत येतो. क्रम चुकला की भांडण ठरलेले.

घड्याळ तपासले. एका चढाईला ३० सेकंद मिळतात. मोठ्या पुरुषांच्या सामन्यात २० मिनिटांचे दोन भाग असतात आणि मध्ये ५ मिनिटे विश्रांती. आमच्या लहान गटाचा वेळ त्याहून कमी ठेवला होता. तो दोन्ही कर्णधारांना आधीच सांगितला. शिट्टी दोनदा वाजवून पाहिली. पिशवीत दुसरी शिट्टीही होती. मलमपट्टीची पेटी कुठे आहे, ते स्वतः जाऊन पाहून आले. पेटी बंद होती आणि किल्ली बाईंच्या घरी होती. मग एक मुलगा धावत जाऊन किल्ली घेऊन आला. आधी बघितले म्हणून बरे झाले.

मग नाणेफेक. त्यांनी नाणे दोन्ही कर्णधारांना दोन्ही बाजूंनी दाखवले. जी जिंकते तिने मैदानाची बाजू मागायची किंवा पहिली चढाई मागायची. दुसरीला उरलेले मिळते. मध्यंतरानंतर बाजू बदलतात आणि आधी ज्यांनी सुरुवातीची चढाई केली नाही ते सुरुवात करतात. म्हणजे कोणावर अन्याय होत नाही. शेवटी ते म्हणाले, "काही विचारायचं असेल तर फक्त कर्णधारानं विचारायचं. बाकीच्यांनी खेळायचं."

पूर्वी कसे होते?

हे सगळे मी आजोबांना सांगितले. आजोबा कबड्डीला हुतूतू म्हणतात. पूर्वी महाराष्ट्रात हेच नाव होते. तेव्हा खेळाचे तीन प्रकार होते. संजीवनीत बाद झालेला गडी परत जिवंत होई. गमिनीत सगळे बाद होईपर्यंत बाहेरच बसावे लागे. अमरमध्ये गडी बाहेर जातच नसे, फक्त गुण धरत. आजोबा म्हणाले, "परगावचा संघ आला की आधी अर्धा तास हुतूतू कुठला खेळायचा यावरच वाद!" पुढे नियम एकसारखे लिहिले गेले. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना झाली. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डी आली आणि भारताने सुवर्णपदक मिळवले. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी या खेळाच्या प्रसारासाठी फार कष्ट केले. त्यांचा जन्मदिवस १५ जुलै हा महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. नियम एकच झाल्यामुळे पंचांना सगळीकडे तीच मापे आणि त्याच गोष्टी तपासता येतात.

दुसऱ्या खेळांतही पंच आधी येतात. क्रिकेटचे पंच खेळपट्टी आणि यष्ट्या बघतात. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे, त्याच्यासारखाच सॉफ्टबॉल आपल्याकडच्या काही शाळांत खेळतात. तिथे पंच मैदान बघतात, दोन्ही संघांच्या याद्या घेतात, बॅटी तपासतात. बेसबॉलच्या मोठ्या सामन्यांत नव्या कोऱ्या चेंडूंना नदीकाठचा चिखल चोळतात, म्हणजे ते हातातून सटकत नाहीत! आमच्याकडे तेल पुसायला लावतात आणि त्यांच्याकडे चिखल लावतात, कारण एकच.

सामना

बरोबर दहाला शिट्टी वाजली. सामना फार चुरशीचा झाला. मध्यंतरानंतर आमच्या एका मुलीला धाप लागली आणि गुरुजींनी मला हाक मारली. खरोखरच मला बोलावले! माझी नखे कापलेली होती, म्हणून एक क्षणही गेला नाही. मी दोन चढाया केल्या. पहिलीत एक गुण आणला. दुसरीत मला पाच जणींनी धरले आणि मी बाद झाले. आम्ही दोन गुणांनी हरलो.

वाईट तर वाटलेच. पण एक गोष्ट सांगते. शेवटच्या मिनिटाला माझ्या मैत्रिणीवर खरोखरच सहा जणी पडल्या. ती मातीने माखून उठली आणि हसली. कोणाच्याही अंगावर ओरखडा नव्हता. मी कंपासपेटी उघडून तिच्या बांगड्या तिला मोजून दिल्या. रेषेवरून एकदाही भांडण झाले नाही. पंचगुरुजींनी गुणपत्रकावर सह्या घेतल्या, पिशवी खांद्याला लावली आणि ते दुसऱ्या सामन्यासाठी पुन्हा अनवाणी मैदान बघायला गेले. मी न सांगता टेपचे टोक धरले.

आता आम्ही घरामागच्या जागेत खेळतो तेव्हा रोज एकजण पंच होतो. तो आधी अनवाणी दोन फेऱ्या मारतो, उभी आणि आडवी. सापडेल ते एका डब्यात टाकतो. डब्यात आतापर्यंत अकरा खिळे, पुष्कळ काचा आणि शिंपले जमले आहेत. ताईचा पाय आता बरा आहे. परवा ती पहिल्यांदा पुन्हा चढाईला आली. जायच्या आधी तिने विचारले, "आज मैदान कोणी बघितलं?"

मी म्हटले, "मी."

मग ती कबड्डी कबड्डी म्हणत आत गेली.

इयत्ता चौथी